बोटाच्या आधी आवाज

(डिसेंबर २००१. पापडीतल्या एका केळीच्या वाडीत लग्नाच्या रिसेप्शनचा मांडव. दुपारचे चार वाजलेत. स्टेजवर बँडची मांडामांड चालू आहे.)

उमंग : वायर नाहीच, सर. मघापासून तेच तर सांगतोय.

प्रल्हाद सर : ते दिसतंय मला. चष्मा आहे माझ्याकडे. मी एवढंच विचारतोय की वायर नाही, तर गिटारचा आवाज ॲम्पपर्यंत जातो कसा?

उमंग : हवेतून.

प्रल्हाद सर : हवेतून. छान. सातवीत मी तुला विज्ञान शिकवायचो, तेव्हाही तुझं प्रत्येक उत्तर हेच असायचं. बी कसं पसरतं? हवेतून. रोग कसा पसरतो? हवेतून. पंधरा मार्कांच्या प्रश्नाला एक शब्द. निदान माणसात सातत्य आहे.

उमंग : सर, इकडे बघा ना. हा छोटा डबा कमरेच्या पट्ट्याला लावायचा. याची ही बोटभर वायर गिटारमध्ये जाते. आणि तो दुसरा, शिंगांवाला, तो तिकडे ॲम्पवर ठेवलाय. हा बोलतो, तो ऐकतो. बस.

प्रल्हाद सर : म्हणजे वायर आहे.

उमंग : बोटभर.

प्रल्हाद सर : आणि त्या शिंगवाल्यापासून ॲम्पमध्ये?

उमंग : तिथे पण एक आहे. वीतभर.

प्रल्हाद सर : म्हणजे आता दोन वायरी झाल्या. पूर्वी एक होती. याला प्रगती म्हणायचं.

उमंग : तुम्ही उडवा माझी. पण हा नव्वद फूट जातो. मस्कतहून भाऊजींनी आणलाय. विहिरीला वळसा घालून परत येईन मी वाजवत वाजवत. तुमच्या वायरनं कुठपर्यंत जाता येतं?

प्रल्हाद सर : वीस फूट. तेवीस वर्षं मी त्या वीस फुटांत बसून वाजवतोय. कधी हरवलो नाही. आणि याला खायला काय लागतं?

उमंग : एक नऊ व्होल्टची बॅटरी. चौकोनी.

प्रल्हाद सर : ती मध्येच संपली तर?

उमंग : नवीन टाकलीय आज.

प्रल्हाद सर : बरं. तुझी जुनी वायर आणलीस ना जवळ? ती लांबवाली, साठ फुटांची? तुझ्यासाठी मी स्वतः डाग देऊन केली होती.

उमंग : ती कशाला आता? तिच्यावर आई टॉवेल वाळत घालते.

प्रल्हाद सर : हो का.

उमंग : मजबूत आहे म्हणते. दोरीसारखी लोंबत नाही.

प्रल्हाद सर : कळव तिला, आभारी आहे म्हणून. माझ्या हातच्या कामाची कदर करणारं घरात कोणीतरी आहे.

मार्गारेट : सर, आलात का? बरं झालं. उमंग, ड्रमवाल्याला जरा मागे सरकायला सांग, माझा माईक त्याच्या मांडीवर येतोय. आणि सर, साउंडवाला विचारतोय, तुमची खुर्ची कुठे लावू?

प्रल्हाद सर : तेवीस वर्षं जिथे लागते तिथेच. ड्रमच्या डावीकडे. का, तीही हवेतच ठेवायचीय?

मार्गारेट : नाही, म्हणजे... उमंग, तू बोलला नाहीस का सरांशी?

उमंग : तुम्ही बोलणार होता ना, आंटी.

मार्गारेट : मी? काल फोनवर काय ठरलं आपलं?

उमंग : तुम्ही म्हणालात, बघू. मी समजलो, बघू म्हणजे तुम्ही बोलणार.

प्रल्हाद सर : भांडू नका, लग्नघर आहे. मी सांगतो काय ठरलं ते. बँडमध्ये आता एकच गिटार. ती चालणारी. बसणारी नको. बरोबर?

मार्गारेट : कोणी सांगितलं तुम्हाला?

प्रल्हाद सर : कोणी कशाला सांगायला हवं? परवा मंदाच्या दुकानात वही घ्यायला गेलो, तर काउंटरवर बँडचं नवं कार्ड. झकास छापलंय. त्यावर पाच माणसांचा फोटो. आपण सहा आहोत. तीन वेळा मोजले. गणितही मीच शिकवायचो ना, एकदा मोजून विश्वास ठेवायची सवय नाही.

मार्गारेट : सर, खरं सांगू? मला झोप नाही ते कार्ड छापल्यापासून. माझ्या नवऱ्यानं बँड काढला तेव्हा पहिले तुम्ही होता. पण आता लोक काय विचारतात माहिताय? गाणी कोणती येतात ते नाही विचारत. स्टेजवर नाचतं कोण, ते विचारतात. गेल्या महिन्यात एक बाई मला म्हणाल्या, ते खुर्चीवर बसलेत ते कोणाचे वडील? त्यांना आधी जेवायला वाढू का?

प्रल्हाद सर : माझ्यापर्यंत ताट आल्याचं काही आठवत नाही.

मार्गारेट : मी नको म्हटलं.

प्रल्हाद सर : ती मात्र चूक केलीस.

उमंग : सर, मला पण बरं वाटत नाहीये. पण तुम्हीच सांगा ना, मी सगळं वाजवतो, तर दुसऱ्या गिटारचं काम काय राहिलं?

प्रल्हाद सर : चांगला प्रश्न आहे. सांगतो. ग्रँड मार्चची ती वरातीची धून घे, तिसरा भाग. पहिली ओळ संपली की आपण किती ठोके थांबतो?

उमंग : चार.

प्रल्हाद सर : पाठ आहे. मग वाजवताना किती थांबतोस?

उमंग : चार. म्हणजे... कधीतरी थोडं इकडे तिकडे होतं.

प्रल्हाद सर : तीन. तू तिसऱ्या ठोक्यावर उडी मारतोस. अकरा वर्षांचा होतास, चड्डी सावरत वाजवायचास, तेव्हापासून. त्या जागी मी मागून एक सूर भरतो, म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं की धूनच तशी आहे. दुसऱ्या गिटारचं काम हे.

उमंग : दर वेळी नाही होत, सर.

प्रल्हाद सर : दर वेळी. तेरा वर्षं. मार्गारेट, तू साक्षीला आहेस म्हणून सांगतो. ज्या दिवशी हा त्या जागी चार मोजेल, त्या दिवशी मी आपण होऊन खुर्चीची घडी घालीन आणि घरी जाईन. मला फोटोतून काढायचे कष्ट कोणी घेऊ नयेत.

मार्गारेट : सर, ऐकून घ्या माझं. आजचा मार्च उमंगच वाजवेल. एकटा. ती फ्लॉसी, नवरी, तिनं हट्टच धरलाय. गिटारवाला पुढे, मागे नवरा-नवरी, मागे दोनशे माणसं, आणि सगळी वरात केळींमधून विहिरीला वळसा घालून परत केकपाशी. कंदील लावलेत वाटेवर. आज ते नीट झालं, तर... वाईट नका वाटून घेऊ, पण शनिवारी वाघोलीच्या लग्नाला खुर्ची नका आणू.

प्रल्हाद सर : आणि नीट नाही झालं तर?

मार्गारेट : तर बघू.

प्रल्हाद सर : तुझ्या 'बघू'चा अर्थ आत्ताच कळला मला. चल, उमंग, लाव तो डबा कमरेला. सरळ लाव. तिरका लावलास तर लोकांना वाटेल साखरेचा आजार आहे, इंजेक्शनची पेटी घेऊन फिरतोय.

*

मार्गारेट : मला कोणीतरी सांगेल का, आत्ता हे काय झालं? मुलाचे काका टोस्टचं भाषण द्यायला उभे राहिले, तोंड उघडलं, आणि विहिरीतून भूत बोलावं तसा आवाज.

प्रल्हाद सर : भूत नव्हे. काकाच बोलत होते. फक्त उमंगच्या ॲम्पमधून.

मार्गारेट : पण ते हातातल्या माईकमध्ये बोलत होते.

प्रल्हाद सर : हो. तिथून ते उमंगच्या शिंगवाल्या डब्यात शिरले, तिथून त्याच्या ॲम्पवरच्या तीन बटणांतून गाळून आले. पहिल्या बटणानं आवाज फाटला, दुसऱ्यानं घोगरा झाला आणि तिसऱ्यानं प्रत्येक शब्द चार वेळा म्हटला. 'फ्लॉसी आमच्या घरचा दिवा आहे, दिवा आहे, दिवा आहे, दिवा आहे.' मला आवडलं. विसरायची सोय नाही.

मार्गारेट : पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी क्रूसाची खूण केली, सर.

प्रल्हाद सर : केली. आणि मागच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग.

उमंग : पण असं झालंच कसं? मी तर माझा डबा बंद केला होता टोस्टच्या वेळी. बॅटरी वाचावी म्हणून.

प्रल्हाद सर : बस इथे. दोन मिनिटं लागतील. एका वर्गात दोन मास्तर एकाच वेळी शिकवायला लागले, तर पोरं कोणाचं ऐकतील?

उमंग : ज्याचा आवाज मोठा त्याचं.

प्रल्हाद सर : आणि एक मास्तर गप्प बसला तर?

उमंग : दुसऱ्याचं.

प्रल्हाद सर : बरोबर. तुझा शिंगवाला डबा म्हणजे वर्गातलं पोर. तू गप्प बसलास, म्हणून त्यानं काकांचं ऐकलं. साउंडवाल्याचा बिनवायरचा माईक आणि तुझा डबा, दोघं एकाच वर्गात शिकवतात. त्याला विचारलं मी. त्याचाही माईक आखातातूनच आलाय. बहुतेक एकाच दुकानातून.

उमंग : मग मी दुसऱ्या चॅनेलवर टाकतो. एक सेकंद. इथे बटण असेल. मागे असेल.

प्रल्हाद सर : सापडलं?

उमंग : नाही. याला एकच चॅनेल आहे.

प्रल्हाद सर : म्हणजे दुसरा वर्गच नाही शाळेत.

मार्गारेट : मग काकांचा माईक काढून घ्या. टोस्ट झाला ना त्यांचा.

उमंग : मार्च तेच पुकारणार आहेत, आंटी. जोड्या करा, हाताचे पूल करा, खालून निघा, डावीकडे वळा. दोनशे माणसांना अंधारात केळींमधून न्यायचंय. माईक नसला तर अर्धी वरात शेजारच्या वाडीत जाईल.

मार्गारेट : माझा वायरवाला देते त्यांना.

उमंग : तो पंधरा फूट आहे. काकापण विहिरीपर्यंत चालणार आहेत.

मार्गारेट : दोन्ही एकदम चालू ठेवून बघ ना एकदा.

उमंग : बघितलं आत्ता. नुसती चरचर येतेय. आणि मध्येमध्ये काका.

मार्गारेट : मग साधी लाकडी गिटार घे आणि चाल.

उमंग : ड्रमपुढे ऐकू तरी येईल का ती? पहिल्या जोडीला नाही येणार. मी स्टेजवरूनच वाजवतो. सांगा तिला, नाही जमत.

मार्गारेट : तू सांग. फ्लॉसीनं चुलत्यांना सांगितलंय, ऑफिसातल्यांना सांगितलंय. व्हिडिओवाला दिवा घेऊन विहिरीवर जाऊन बसलाय. दहा मिनिटं राहिलीत. सर, तुमची वायर?

प्रल्हाद सर : वीस फूट. तिसऱ्या टेबलापर्यंत जाईल तो. तिथे मुलाचे मामा बसलेत, त्यांच्याशी गप्पा मारून परत येईल.

उमंग : माझी वायर असती तर...

प्रल्हाद सर : ती असती तरी साठ फूट. विहीर ऐंशीवर आहे. आणि आत्ता तिच्यावर टॉवेल आहेत, ओले असतील.

उमंग : सर, प्लीज. आता नको ना.

प्रल्हाद सर : बरं, नको. मग मला सांग, चालायला वायर लागते का?

उमंग : नाही.

प्रल्हाद सर : बोटं हलवायला?

उमंग : नाही.

प्रल्हाद सर : आणि तुझ्या मशीनचा आवाज कुठून येतो असं सगळ्यांना वाटतंय?

उमंग : हवेतून.

प्रल्हाद सर : शाबास. आता कुठल्या हवेतून, ते कोण विचारायला येतंय?

उमंग : कळलं नाही, सर.

मार्गारेट : मला कळलं. सर, नको. शोभत नाही हे तुम्हाला.

प्रल्हाद सर : काय शोभत नाही? स्टेजच्या मागे ते थर्मोकोलचं मोठं कबुतर लावलंय. त्याच्या शेपटीमागे एका माणसाची जागा आहे, मी मघाशीच बघितली. तिथे माझी खुर्ची लावा. माझी गिटार, माझी वीस फूट वायर, आणि याचा ॲम्प. शिंगवाल्याला बाजूला ठेवा. हा पुढे चालेल, बोटं फिरवील. मी मागे वाजवीन. वायर असती तर लोकांनी तिचं टोक शोधलं असतं. वायरच नाही, तर शोधणार काय?

उमंग : म्हणजे मी नुसती ॲक्टिंग करू?

प्रल्हाद सर : नाचणाराच हवा होता ना लोकांना? नाच.

मार्गारेट : सर, मला एक कळत नाही. हे नीट झालं, तर तुमचीच खुर्ची जाते. आणि तुम्हीच ते नीट करायला निघालात.

प्रल्हाद सर : फ्लॉसी चार वर्षं माझ्या रविवारच्या वर्गात होती. गिटार तिला शेवटपर्यंत आली नाही. एका तारेवर बोट ठेवायची आणि दुसरी छेडायची. पण एक रविवार चुकली नाही, पावसात सायकलवरून यायची. तिच्या लग्नात तिनं एकच गोष्ट मागितली. ती काय चॅनेल नाही म्हणून सोडून द्यायची?

मार्गारेट : ठीक आहे. पण त्या मामांचं काय? मुलाचे मामा. ते सॅक्सोफोन वाजवतात, ब्रास बँडमध्ये. त्यांना हे मशीन घ्यायचंय. ते म्हणालेत, मी मार्चमध्ये याच्या शेजारूनच चालणार. बोटांवरून नजर नाही काढायचे ते.

उमंग : मेलो मी.

प्रल्हाद सर : नाही मेलास. तू नेहमी वाजवतोस तसंच वाजव. जास्त चांगलं वाजवायला जाऊ नकोस, माझी पंचाईत होईल. तू कुठे बोट घसरवतोस, कुठे सूर ओढतोस, सगळं मला पाठ आहे. तेरा वर्षं तेच ऐकलंय. स्टेजपासून केळींपर्यंत तू मला दिसशील. पुढे विहिरीपाशी नाही दिसणार.

उमंग : तिथेच तर तिसरा भाग येतो.

प्रल्हाद सर : येऊ दे. तू तिथे तीनवर उडी मारशील, मीही मारीन. बोट आणि आवाज एकत्र पडतील. मामा खूश.

उमंग : आणि मी तीनवर नाही मारली तर?

प्रल्हाद सर : तर आज पापडीत दुसरा चमत्कार झाला म्हणू. काकांचा एक होऊन गेलाच आहे. जा आता. तो डबा बंद ठेव, नाहीतर काका परत चार वेळा बोलतील. आणि डब्यावरचा दिवा पेटत नाही हे दिसायला नको, शर्ट जरा खाली ओढ त्याच्यावर.

*

मार्गारेट : तू इथे टेम्पोपाशी काय करतोस? आत सगळे तुला शोधतायत. फ्लॉसीची आई म्हणाली, त्या गिटारवाल्या पोराला केकचा मोठा तुकडा द्या.

उमंग : जातो नंतर. सामान चढवून घेतो.

मार्गारेट : दोनशे माणसं सापासारखी फिरून आली रे केळींमधून. एकाच्याही लक्षात आलं नाही. त्या मामांनी तुला धरून ठेवलं होतं, काय विचारत होते?

उमंग : विचारत होते, या मशीनमध्ये आवाज बोटाच्या आधी येतो का.

मार्गारेट : म्हणजे काय?

उमंग : विहिरीपाशी. माझं बोट वरच होतं आणि सूर आला.

मार्गारेट : देवा. म्हणजे सर चुकले?

उमंग : नाही, आंटी. सर तीनवर आले. ठरल्याप्रमाणे. बरोब्बर माझ्यासारखे. मी आलो नाही.

मार्गारेट : तू चार मोजलेस?

उमंग : मोजले नाहीत. होऊन गेलं. माझ्या गिटारमधून आवाजच येत नव्हता ना. नेहमी मी माझंच ऐकत असतो, आता पुढचं कधी वाजवतो असं होतं मला. आज माझं काही नव्हतंच. लांबून नुसतं सरांचं येत होतं. मी ऐकत चाललो होतो. एक, दोन, तीन, आणि धाडकन सर आले. असं वाटलं, कोणीतरी जेवताना मध्येच ताट ओढलं. मग लक्षात आलं, की हा मी आहे. मी असा वाजवतो. तेरा वर्षं.

मार्गारेट : आणि मामांना काय सांगितलंस?

उमंग : म्हटलं, नवीन मॉडेल आहे. फास्ट आहे.

मार्गारेट : त्यांनी ऐकून घेतलं?

उमंग : किंमत विचारली.

मार्गारेट : हसू नकोस. नाही, हस. पण मग आता? सर काय म्हणाले होते, मी साक्षीला आहे. ज्या दिवशी तू चार मोजशील, त्या दिवशी ते खुर्चीची घडी घालणार.

उमंग : माहिताय.

मार्गारेट : आणि माझंही तेच ठरलं होतं. मार्च नीट झाला, तर शनिवारी खुर्ची नको. मार्च तर नीट झाला.

उमंग : वाजवला कोणी, आंटी?

मार्गारेट : ते मला नको विचारूस. मी पुढे बघत होते.

उमंग : कार्डं किती छापलीत?

मार्गारेट : पाचशे. त्यातली तीसेक वाटलीयत. का?

उमंग : काही नाही. माझा तो फोटो चांगला नाही आलाय. डोळे मिटलेत.

मार्गारेट : तुझे डोळे उघडे आहेत त्यात. मीच निवडलाय तो फोटो.

उमंग : मिटलेत, आंटी. नीट बघा ना एकदा. परत काढायला लागेल. सगळ्यांचा.

मार्गारेट : ... हो रे. आता तू म्हणतोस तर वाटतात मिटल्यासारखे. शूः, सर आले.

प्रल्हाद सर : अभिनंदन, उमंग. तीन माणसं मला येऊन सांगून गेली, की वायर नसली की हात कसा मोकळा चालतो. चौथ्यानं तर खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, मास्तर, या वयात तुम्हीही एक घेऊन टाका, अजून शिकाल.

मार्गारेट : तुम्ही काय म्हणालात?

प्रल्हाद सर : म्हटलं, आई टॉवेल कशावर घालेल? त्याला काही कळलं नाही. फ्लॉसी मात्र कबुतरामागे आली होती.

उमंग : कळलं तिला?

प्रल्हाद सर : काही बोलली नाही. माझ्यासाठी केक आणला होता, बशीत, वर रुमाल झाकून. म्हणाली, सर, तुमची दुसरी तार जरा उतरलीय. चार वर्षांत पहिल्यांदा बरोबर ऐकलंन पोरीनं. उतरलीच होती.

मार्गारेट : बसा ना सर, उभे का?

प्रल्हाद सर : बसतो. आधी एक सांग, उमंग. विहिरीपाशी तू मला दिसत नव्हतास. मी अंदाजानं तीनवर आलो. जमलं का?

उमंग : जमलं की, सर.

प्रल्हाद सर : नीट विचार करून सांग. तीनवरच होतास?

उमंग : चारवर कधी आलोय मी?

प्रल्हाद सर : तेही खरंच. मार्गारेट, तू का अशी बघतेस?

मार्गारेट : कुठे काय, सर. डास आहेत केळींमुळे.

प्रल्हाद सर : मग नाइलाज आहे. मी शब्द दिला होता तो एका अटीवर, आणि ही अट काही लवकर पुरी व्हायची लक्षणं नाहीत. तुमच्या त्या कार्डाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. पण याला असा एकटा सोडला, तर वाघोलीची वरात तीन ठोक्यांत खाडीत जाईल.

मार्गारेट : कार्ड परत छापायचंय, सर. याचे डोळे मिटलेत त्यात.

प्रल्हाद सर : बघितलं होतं मी कार्ड. मला तर टक्क उघडे दिसले.

मार्गारेट : मिटलेत.

प्रल्हाद सर : असतील बाई. चष्मा बदलायला हवा. उमंग, रविवारी सकाळी सातला ये. लहान पोरांना चार मोजायला शिकवतोय. मागे बस, लाज वाटत असेल तर.

उमंग : येतो, सर.

प्रल्हाद सर : आणि आता जरा कबुतरामागे जा आणि माझी खुर्ची आणून टेम्पोत टाक. शनिवारी लागेल.

उमंग : ठेवलीय, सर. तुम्ही यायच्या आधीच.